टाकीवरचा झेंडू
सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, झेंडू दिसला की मला अंबडच्या आमच्या कारखान्यातली सुट्या भागांचं तेल धुण्याची टाकी आठवते. तिच्यातल्या रसायनाच्या गोडसर वाफेने फोरमनमामांचं डोकं कायम दुखायचं आणि नाक तर पार मेलेलं. घरी भाजी करपली तरी त्यांना कळत नसे. आम्ही त्या रसायनाऐवजी साबणाचं साधं पाणी सुचवलं, तेव्हा तेच गरजले, "हे काय पातेलं आहे, साबणाने धुवायला?" चाचण्या पास होऊन गणपतीआधी साबणपाण्याची नवी टाकी सुरू झाली, तरी मामांचं तोंड वाकडंच. दसऱ्याच्या यंत्रपूजेला त्यांनीच टाकीला हार घातला, फुलं सारखी करताना एकदम थबकले आणि ओरडले, "अरे, ह्या झेंडूला वास येतोय!"