कडक उपवास

अन्याय झाला माझ्या थोरल्या बहिणीवर. गेल्या वर्षी आखाडाच्या शेवटच्या रविवारी, भांडगावात, आमच्याच ओसरीवर. मटणाची पंगत बसली होती. तिनं दुसरी भाकरी घेतली आणि चुलत्यांनी ती तिच्या ताटातून उचलून स्वतःच्या ताटात ठेवली.

"पुरं कर बाय. पावणं बघायला येतील तवा दार रुंद करावं लागंल."

पंगत हसली. तीही हसली. रस्सा मात्र तिनं तसाच ठेवला.

श्रावण लागला आणि तिनं सोमवार धरले. मग शनिवार, चतुर्थी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. साबुदाणासुद्धा नाही. कोरा चहा आणि अर्धं केळं. आमच्याकडं पोरगी रुसून जेवली नाही तर आई ओरडते. देवासाठी जेवली नाही तर आळीभर कौतुक. न्हाणीत तिच्या केसांचे पुंजके सापडायचे, उन्हातही ती स्वेटर घालायची. कौतुक चालूच.

नवरात्राच्या आधीच तिची पाळी थांबली. आई खूश. त्या वर्षी घटाला माळ घालायला अडचण नव्हती, सगळ्या माळा बहिणीनंच बांधल्या.

मार्गशीर्ष संपला तरी गुरुवार सुटले नाहीत. संक्रांतीनंतर शेवंती तोडताना ती सरीतच कोसळली. आई आणि मी तिला केडगावच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, पाळी कधी आली होती?

उत्तर आईनं दिलं. "तिला आता अडचणच येत न्हाई, बाई. देवीची कृपा हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कृपा नाही, उपासमार आहे. अन्न कमी पडलं की मेंदू पाळीच्या हार्मोनांबाबत हात आखडता घेतो. आधी जीव राखायचा म्हणून. असंच चाललं तर हाडं ठिसूळ होतील."

बहीण पहिल्यांदाच बोलली. "आधी जाड होते मी. भूक लई लागते मला. पण मी तिला हरवते."

"भुकेशी कसली कुस्ती, बाळा? भूकही हार्मोनच लावतात. आणि आधी जाड होतीस तो हावरटपणा नव्हता. अंगानं किती साठवायचं, हेही बरंचसं तेच ठरवतात."

बाईंनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, पुण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं पाठवलं, आणि उपवास बंद केले.

पुढच्या गुरुवारी चुलते जेवायला होते. आईनं बहिणीला भाकरी वाढली.

"आज गुरवार ना? मोडला व्हय उपास?"

"भावजी, तिच्या ताटात बघू नका. तुमचं गार व्हतंय."

या वेळी कुणी हसलं नाही. बहिणीनं अर्धी भाकरी खाल्ली, फार सावकाश. पाळी अजून आलेली नाही. आम्ही वाट बघतोय.

यंदाही आखाड येईल, तुमच्याही ओसरीवर पंगत बसेल. तुमचा हात तुमच्या ताटात ठेवा. आणि घरात कुणी पोरगी उपवासावर उपवास करत असेल, तर तिचं कौतुक करण्याआधी तिला जवळ बसवून विचारा, पाळी येते का? नाही म्हणाली, तर देवीचे आभार मानू नका. तिला दवाखान्यात न्या.