अर्धवट भरलेला पाइप

फळं डबाबंद करणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे मीटरमास्तर म्हणत. पाण्याच्या कुठल्या लाइनवर वाहतं पाणी मोजणारा कोणता फ्लोमीटर बसवायचा, हे ठरवायचं काम त्याचं. पाणी स्वच्छ की गढूळ, दिवसभर सारखं वाहतं की कमीजास्त होतं, पाइपला वळणं किती, हे सगळं पाहून तो निर्णय द्यायचा आणि त्याचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे.

त्याच कारखान्यातला धुलाई विभाग त्याची वहिनी सांभाळायची. थोरला भाऊ गेला तेव्हा हा शाळेत होता आणि वहिनी अगदीच तरुण. माहेरचे न्यायला आले, तर ती म्हणाली, "याची परीक्षा होऊ दे, मग बघू." ती परीक्षा झाली, पुढच्या झाल्या, डिप्लोमा झाला, त्याचं लग्नसुद्धा झालं. माहेरी जायचं राहूनच गेलं. कामगारांचे पांढरे कोट, टोप्या, एप्रन धुऊन वेळेवर द्यायचं तिचं काम. कोटावर बारीकसा डाग दिसला तरी तो परत टबात जायचा, आणि धुणाऱ्या बाईची बिनपाण्याने हजामत व्हायची ती वेगळीच.

त्या वर्षी कारखान्याने ठरवलं, की फळं धुतलेलं शेवटचं पाणी गटारात सोडायचं नाही. ते गाळून, क्लोरीन घालून कपडे आणि फरशा धुवायला वापरायचं. जितकं पाणी जाईल, त्या मापात एक छोटा पंप क्लोरीन सोडणार होता. पाणी किती जातंय, हे त्या पंपाला मीटर सांगणार.

मीटर निवडताना मास्तरने कसूर केली नाही. फिरत्या चक्रीचा मीटर फळांच्या सालींनी अडकला असता. पाइपला बाहेरून बांधायचा, ध्वनिलहरींवर चालणारा मीटर पाण्यातल्या बुडबुड्यांनी बावचळला असता. त्याने विद्युतचुंबकीय मीटर घेतला. आत फिरणारं काही नाही, त्यामुळे अडकायचा प्रश्नच नाही. त्याची एक मोठी अट होती : पाइप पूर्ण भरलेला हवा. तो मीटर पाण्याचा वेग तेवढा मोजतो आणि पाइप भरलेला आहे असं धरून चालतो. पाइप अर्धवट भरलेला असला, की थोडं पाणीही तो भरपूर म्हणून सांगतो.

म्हणून तो वर चढणाऱ्या पाइपवर बसवायला हवा होता. तिथे पाणी खालून वर जातं, पोकळी राहत नाही. पण ती जागा यंत्रांच्या मागे, पार छताजवळ. परांची बांधावी लागली असती, लाइन बंद ठेवावी लागली असती, आणि हंगाम तोंडावर आला होता.

"खाली दाराजवळ बसवला तर?" व्यवस्थापक साहेबांनी विचारलं.

"तिथे पाइप उताराचा आहे, साहेब."

"पण पाणी मुबलक आहे. भरूनच वाहील ना?"

त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. त्यालाही ती कटकट नकोच होती. "वाहील," तो म्हणाला.

सकाळी फळं धुण्याचं काम जोरात असताना त्याने मीटर तपासला. आकडा तंतोतंत. दुपारी काम ओसरल्यावर पुन्हा बघायला हवा होता. त्याने बघितला नाही.

हंगाम सुरू झाला आणि धुलाईतल्या बायकांच्या हातांना आधी खाज सुटली, मग भेगा पडल्या. कोट शिवणीत विरायला लागले. ब्लीच जास्त पडतंय, असं सगळ्यांनी धरलं, आणि वहिनीचं स्वच्छतेचं वेड तर जगजाहीर. साहेबांनी मास्तरला बोलावून घेतलं. "तुमच्या घरच्या आहेत. तुम्हीच समजवा."

तो वहिनीच्या घरी गेला. ती चादरींच्या घड्या घालत होती.

"वहिनी, ब्लीच घालताना जरा हात आखडता घे ना."

तिची घडी अर्ध्यावर थांबली. "मी माप सोडून घालते, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही गं. पण नकळत..."

"नकळत?" तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. सालटं निघालेली, बोटांच्या पेरांवर रक्त सुकलेलं. "हे हात काय शेजारणीचे आहेत?"

त्याने ते हात पाहिले. पण परत येताना त्याच्या मनात आलंच, की वय झालंय, नजर कमी झाली असेल, चुकत असेल माप. पुढच्या आठवड्यात एका तरुण बाईच्या हाताची कातडी इतकी सोलवटली, की तिला दवाखान्यात न्यावं लागलं. वहिनीला कामावरून काढलं. ती डबा घेऊन फाटकातून निघाली, तेव्हा बरोबर काम केलेल्या बायकांनी तोंडं फिरवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी क्लोरीनची टाकी फार लवकर रिकामी होतेय, असं मास्तरच्या लक्षात आलं. तो दुपारचा जाऊन मीटरपाशी उभा राहिला. फळं धुणारी निम्मी यंत्रं बंद होती, तरी आकडा सकाळइतकाच. त्याने पान्याने पाइपवर ठोकून पाहिलं. खालच्या बाजूने भरीव आवाज आला, वरून पोकळ. म्हणजे निम्म्या पाण्यात पंप पूर्ण पाण्याचं क्लोरीन सोडत होता.

त्याने पंप मीटरपासून तोडला आणि क्लोरीनचं थोडं, ठरावीक माप हाताने लावून दिलं. कुणाला काही बोलला नाही. उद्या सांगू, असं म्हणत राहिला.

हात बरे व्हायला लागले. धुलाईतल्या एका बाईने त्याला वाटेत गाठलं. "मास्तर, राग मानू नका, पण तुमच्या वहिनी गेल्या आणि आमच्या हातांना आराम पडला बघा."

त्याने नुसती मान हलवली. ती मान हलवल्याचं त्याला पुढे फार लागलं. त्याने गुपचूप केलेल्या दुरुस्तीने वहिनीवरचा आळ पक्का केला होता. त्या रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"वहिनींना सांगितलंत?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?"

सकाळी तो साहेबांकडे गेला. साहेबांनी उठून दार लोटलं. "आता सगळं सुरळीत आहे ना? मग कशाला उकरायचं? दोघंही गोत्यात येऊ."

"वहिनी आधीच आलीये," तो म्हणाला आणि तिथून थेट धुलाईत गेला. यंत्रं बंद करायला लावली आणि मीटर कुठे बसवायला हवा होता, कुठे बसवला, का बसवला, ते सगळं सांगितलं. कातडी सोलवटलेली ती तरुण बाई हाताला पट्टी बांधून हलक्या कामावर परतली होती. "आम्ही त्यांना काय काय बोललो," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी तो वहिनीच्या घरी गेला. तिने त्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. "त्या पोरीचा हात कसा आहे?" तिने आधी विचारलं.

"भरून येतोय."

"मीटरचं सोड. माणूस चुकतो. पण त्या दिवशी तू मला काही विचारलंच नाहीस. समजवायलाच आला होतास."



भर हंगामात लाइन बंद करून, परांची बांधून मीटर वर चढवला गेला. मास्तरला लेखी ताकीद मिळाली आणि मीटर निवडायचं काम वर्षभर दुसऱ्याकडे गेलं. साहेबांनी वहिनीला परत बोलावलं. बायका तिच्या घरी जाऊन रडल्या. तिने सगळ्यांना चहा केला आणि नाही म्हणून सांगितलं. घरीच पडदे शिवून द्यायचं काम तिने सुरू केलं.

तो दर सुट्टीला तिच्याकडे जाऊन बसायला लागला. ती त्याच्या मुलांची चौकशी करायची, शेजारच्यांची गाऱ्हाणी सांगायची. कारखान्याचा विषय काढायची नाही. एकदा त्याला राहवेना. "वहिनी, एकदा मला चांगल्या शिव्या तरी घाल."

मशीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "मला कुठे वेळ आहे? त्यापेक्षा तो पडदा धर. टोक लोळतंय खाली."

तो उठला, पडदा दोन्ही हातांनी उचलून उभा राहिला. मशीन पुन्हा सुरू झालं.

"सरळ धर," ती म्हणाली, "ओढू नकोस."