पुढच्यानं वाकायचं

"तळहात पुढे कर," असं ते म्हणायचे, आणि हात पुढे होईपर्यंत एक हातभर वेताची काठी मध्ये आलेली असायची. एक टोक त्यांच्या तळव्यावर, दुसरं समोरच्याच्या. बोटं मिटायची नाहीत, काठी धरायची नाही. ती टिकायची ती फक्त दोन्हीकडून येणाऱ्या दाबावर. मग एकानं डोळे मिटायचे आणि दुसऱ्यानं त्याला खोलीभर चालवायचं.

काठी पडायचीच. पडली की दोघं एकमेकांकडे बघायचे. तेव्हा त्यांचं ते वाक्य यायचं, "काठी पडली की पुढच्यानं वाकायचं." मागच्याला डोळे मिटायला सांगितलेत, मग चूक त्याची कशी, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. इस्राएलच्या दक्षिणेतल्या एका हिब्रू साप्ताहिकात मी बातमीदार होतो आणि त्यांच्यावर अर्धा कॉलम लिहायचा होता. प्रश्न विचारायच्या आधीच त्यांनी मला पुढे केलं आणि स्वतः डोळे मिटले. तिसऱ्या पावलाला काठी पडली. मी ती ते उचलतील म्हणून थांबलो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "पडली ना?" ते म्हणाले, "मग?" मी वाकलो. मुलाखत त्यानंतर सुरू झाली.

गावात सगळे त्यांना सर म्हणत. अलिबागकडचं घराणं, वाढ मुंबईत. माझगावातल्या एका व्यायामशाळेत लाठी शिकले, पुढे ज्यूदो. तरुणपणी इथं आले आणि नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला वसवलेल्या आमच्या लहान गावातल्या कापड कारखान्यात मागांवर जॉबर म्हणून लागले. गावातल्या निम्म्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेल्या ज्यू, घरांतलं कुणी ना कुणी त्याच कारखान्यात होतं. ड्युटी संपली की सर समाजकेंद्राच्या तळघरात चटया अंथरून मुलांना ज्यूदो शिकवायचे. पहिले तीन महिने फक्त पडायला शिकवत. आया तक्रार करायच्या, की मूल रोज निळं होऊन येतं आणि कुणाला पाडून मात्र येत नाही.

त्याच सुमारास कारखान्यांना नेतृत्व शिकवणारी माणसं हवी झाली. आमच्या कारखान्यानं तेल अवीवहून एक सूटवाला बोलावला. तो दोन दिवस फळ्यावर बाण काढून गेला. संचालकाचा मुलगा सरांकडे ज्यूदो शिकत होता. संचालक एकदा मुलाला न्यायला आला, चटईच्या कडेला तासभर उभा राहिला आणि म्हणाला, हेच माझ्या मुकादमांना शिकव. अशा रीतीनं वयाच्या पन्नाशीत सर मागावरून उठले आणि प्रशिक्षक झाले. त्यांनी तीन भाषांत कार्ड छापून घेतलं. त्यांची बायको, जिला सगळं गाव सोफीबाय म्हणे, त्या कार्डांच्या पाठीवर बाजाराची यादी लिहायची. "घरात कपबशी उचलत नाय," ती मला म्हणाली, "आणि तिथं लोकांना काठी उचलायला शिकवतो. त्याचा पगार मिळतो वर."

त्यांचं शिकवणं तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही आधी हसू आलं असतं. हिशेबखात्याचा प्रमुख खिशात चष्मा विसरून चटईवर पडला आणि काचा टिपत बसला. पोटं सुटलेले मुकादम एका रांगेत गडगडत होते. सर मध्ये उभे राहून मोजत होते. "ज्याला पडता येत नाही, त्याच्या हाताखाली माणसं देऊ नका," हे त्यांचं दुसरं वाक्य.

रशियाहून नुकताच आलेला एक मुकादम होता, तिकडे इंजिनियर होता म्हणे. त्याच्या हातून काठी पडली आणि समोर त्याच्याच खात्यातला झाडूवाला उभा होता. मुकादम वाकेना. सर म्हणाले, तुला घाई असेल, मला नाही. मग तिघे उभेच राहिले. चहाची घंटा झाली, बाकीचे जाऊन आले, तरी तिघे तसेच. शेवटी मुकादम वाकला. पुढे तो मला म्हणाला होता, की झाडूवाल्याचे बूट फाटलेले आहेत हे त्याला तेव्हा दिसलं.

ही चांगली वर्षं. फार नव्हती.

दोन हजार साल उलटलं आणि शिवणकाम सीमेपलीकडे, स्वस्त मजुरीकडे जाऊ लागलं. संचालकानं सरांना बोलावून सांगितलं, की रंगाई खातं बंद करायचं आहे, माणसांना बातमी कशी द्यायची ते मुकादमांना शिकव. सरांनी विचारलं, फक्त रंगाई? संचालक म्हणाला, फक्त रंगाई. हात मिळवला.

सरांनी मुकादमांना पंधरा दिवस शिकवलं. बसलेल्या माणसाला उभ्यानं सांगायचं नाही. तोही उभा, तुम्हीही उभे, मध्ये एका काठीचं अंतर. तळहात उघडे ठेवा. वाक्य एकच, आणि त्यानंतर गप्प. तो बोलेल ते ऐका. त्या दिवशी मी फाटकावर होतो. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड उचलला नाही. माणसं एकेक करून बाहेर आली आणि बसथांब्याकडे गेली. शेजारच्या एका गावात त्याच महिन्यात टायर जळाले होते. संचालकानं सरांना सगळ्यांसमोर मिठी मारली.

त्या शनिवारी मशिदीत (आमची जुनी माणसं प्रार्थनाघराला अजून मशीदच म्हणतात) लोकांनी सरांना घेरलं. अजून किती जाणार, हा एकच प्रश्न. विचारणाऱ्यांत रूबेनभाऊ होते. सर आणि ते एकाच बोटीनं आलेले, एकाच इमारतीत राहणारे. सर पहिल्या मजल्यावर, रूबेनभाऊ बरोबर वरच्या. विणाई खात्यात होते, वय चोपन्न. किर्यात गात शहरातल्या नव्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात सफाईच्या कामासाठी त्यांना बोलावणं आलेलं होतं आणि आठवड्याच्या आत कळवायचं होतं.

"रूबेन, जाऊ नको," सर म्हणाले. "मी विचारलंय. आता कुणी जाणार नाही."

रूबेनभाऊंनी नकार कळवला. आणखी पाच-सहा जणांनीही आपापले बेत सोडले. आठ महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या कामाच्या पहिल्या दिवशी, कारखान्याच्या फाटकाला साखळी होती. मुकादमांनाही आधी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी कुणी काठीचं अंतर ठेवून उभं राहिलं नाही. तळहातही कुणी उघडे ठेवले नाहीत.

सर आले ते चालत आले आणि कामगारांच्या बाजूला उभे राहिले. त्यांच्याभोवती जागा रिकामी झाली. मी वही काढली आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं का. ते मराठीत तीन वाक्यं बोलले. ती इथं पूर्ण देतो, कारण पूर्ण ती कुठंच छापली गेली नाहीत.

"चूक माझी. मी त्यांना विचारलं होतं, आणखी कुणी जाणार नाही असं ते म्हणाले. त्यांच्या शब्दावर मी आपल्या माणसांना थांबवलं."

मी तिन्ही वाक्यं हिब्रूत करून दिली. मजकूर चार ओळी जास्त झाला होता. बातमी कापतात ती खालून, प्रत्येक वृत्तपत्रात तशीच कापतात. छापून आलं ते असं: मुकादमांना तयार करणारा प्रशिक्षक म्हणाला, चूक माझी. गावानं त्याचा अर्थ लावला, की त्याला माहीत होतं.

मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या अंकात खुलासा देऊ, असं म्हणालो. ते तेलाचं बोट काठीवरून फिरवत होते.

"छापलंय त्यात खोटं काय आहे?"

मी म्हणालो, बाकीचं राहिलं.

"बाकीचं म्हणजे सबब," ते म्हणाले. "पुढं कोण होता? मी."

त्यांनी नको म्हटलं म्हणून खुलासा आला नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. संपादकाला मी विचारलंच नव्हतं, हेही इथं नोंदवतो.

ते वरच्या मजल्यावर गेले होते, हे मला रूबेनभाऊंच्या बायकोनं सांगितलं. दार उघडं, पण रूबेनभाऊ दारात आडवे उभे. सर म्हणाले, मी वाकायला आलोय.

"उचलून देणार कुनाला, सर?" रूबेनभाऊ म्हणाले. "माझा हात मी काढून घेतला."

दार लावताना त्यांनी आवाज केला नाही, असंही ती म्हणाली.

यानंतरची गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. आमच्याकडे प्रार्थना पूर्ण व्हायला दहा पुरुष लागतात. कामाच्या दिवशी सकाळी मशिदीत दहा जमता जमत नाहीत. त्या हिवाळ्यात एका सकाळी हजाननं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं, नजरेनं मोजलं आणि पान उघडलं. सर धरून बरोबर दहा होते.

"आपण नऊ आहोत," रूबेनभाऊ म्हणाले.

हजाननं पुन्हा मोजलं. सर शेवटच्या बाकावर पुस्तक उघडून बसले होते. कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. धर्मात माणूस असा गाळता येत नाही, हे हजानला माहीत होतं आणि रूबेनभाऊंनाही. हजाननं पुस्तक मिटलं. एक जण बाहेर गेला आणि बसथांब्यावरच्या एका मोरोक्कन पोराला घेऊन आला. मग प्रार्थना झाली. मीही त्या नवांत होतो. मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. तिसऱ्या दिवशीही आले. दोन हिवाळे ते रोज येत राहिले, त्याच बाकावर बसत राहिले. ज्या दिवशी त्यांना सोडून दहा जमायचे, त्या दिवशी प्रार्थना वेळेवर सुरू व्हायची. जमले नाहीत, तर रस्त्यावरून कुणी आणलं जायचं. पावसाळी सकाळी रस्त्यावर माणूस नसायचा, तेव्हा आम्ही अर्धा अर्धा तास बसून राहायचो, दहा जण, दहाव्याची वाट पाहत. सर घड्याळाकडेही बघत नसत. तो रशियन मुकादम वाकेपर्यंत ते थांबले होते, तसेच आता थांबत, एवढंच मला वाटायचं. कुणाच्या वाकण्याची वाट ते पाहत होते, की स्वतःच वाकून बसले होते, हे मी विचारायला हवं होतं.

ज्यूदोची मुलं गळाली. समाजकेंद्रानं तळघर सामान ठेवायला घेतलं आणि चटया घरी आल्या. सोफीबायनं त्या बाल्कनीत उभ्या करून ठेवल्या. किर्यात गातच्या त्या कामासाठी रूबेनभाऊंनी पुन्हा अर्ज केला होता. जागा भरली होती. ते सुपरमार्केटबाहेर ढकलगाड्या गोळा करायचे. सर त्या सुपरमार्केटला जायचे ते ढकलगाडी न घेता. दोन्ही हातांत पिशव्या धरून, उन्हातून चालत.

सर गेले ते बाल्कनीत, खुर्चीवर, चटयांशेजारी. दुपारी चहा घेऊन गेली तेव्हा सोफीबायला कळलं.

सात दिवस घरी बसायची आमची रीत आहे. घरीच प्रार्थना होते, आणि मुलानं बापासाठी कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचं. त्यालाही दहा पुरुष लागतात. मुलगा यरुशलेमला कामाला असतो. त्याला मराठी समजतं, उत्तर हिब्रूत देतो. पहिल्या दिवशी तिकडचे त्याचे मित्र आले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची प्रार्थना सूर्य मावळायच्या आत व्हायची होती आणि घरात मुलगा धरून नऊ जण होतो. दाराशी, कोपऱ्यात, ती काठी उभी होती. दोन्ही टोकं तळहातांच्या घामानं काळी पडलेली.

हजान पुस्तक मिटून बसला होता. सुतकाच्या रीतीनं जमिनीवर बसलेली सोफीबाय त्याला म्हणाली, "भाऊ, थांबलात का?"

"आपण नऊ आहोत," हजान म्हणाला. म्हणाला आणि त्याची मान खाली गेली. हे वाक्य खोलीतल्या प्रत्येकानं ओळखलं, मुलगा सोडून. त्यानं हिब्रूत विचारलं, खालून कुणाला तरी आणू का, बसथांब्यावर माणसं असतात.

"नको," सोफीबाय म्हणाली. "रस्त्यावरचा माणूस नको. ते बसलेले असताना तुम्ही रस्त्यावरचा आणत होता. ते होते तेव्हा मोजलं नाय. आज कमी पडले तर पडू दे."

वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्यांनी छताकडे पाहिलं आणि मग दाराकडे. दार रीतीप्रमाणे उघडंच होतं. खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांवर गेलं, तिथून निघालं. मुलानं घड्याळ पाहिलं. हजान उठला आणि म्हणाला, वेळ गेली.

मी सर्वांत आधी बाहेर पडलो. जिन्याच्या वरच्या वळणावर, दोन मजल्यांच्या मध्ये, रूबेनभाऊ पायरीवर बसले होते. डोक्यावर टोपी होती, हातात प्रार्थनेचं पुस्तक होतं.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"नऊ," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. जिन्यातला दिवा आपोआप विझतो, तसा विझला. मी कठडा धरून खाली उतरलो.