आबांच्या जीपचे रिवेट

माझे वडील, आबा, शिनोलीहून भीमाशंकरच्या रस्त्यावर जीप चालवायचे. ते गेल्यावर जीप गोठ्यामागं पडून राहिली. गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, आबांची गाडी पुन्हा उभी करू. चासीचं काम तुझ्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई."

मंचरला आमचं ग्रिल-गेटचं दुकान आहे, नवऱ्याबरोबर मीही ग्राइंडर धरते. दर रविवारी माहेरी जायला लागले. बॉडी आणि इंजिन भावानं आधीच उतरवून ठेवलं होतं. चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या पट्ट्या गंजल्या होत्या. त्या बदलायच्या तर त्यांना जोडून ठेवणारे जुने रिवेट काढणं आलं. रिवेटचं डोकं ग्राइंडरनं घासायचं, पण चासीला चरा पडू द्यायचा नाही. मग मधोमध ड्रिल मारायचं आणि पंच ठेवून हातोड्यानं उरलेला दांडा पलीकडं पाडायचा. घाई केली की भोक वाकडं होतं. मी घाई केली नाही. एकदा ठिणगी मनगटावर बसली, तिथं हळद दाबली आणि पुन्हा कामाला लागले. भाऊ फोटो काढायचा. "आठवण राहील," म्हणायचा.

सगळे रिवेट निघाले. पुढच्या रविवारी गेले, तर दारात पिकअप उभी. पुण्याचा कुणी माणूस चासीवरून हात फिरवत होता.

"भोकं एक नंबर राखलीत, ताई," तो म्हणाला. "भाऊंनी फोटो पाठवले होते. आमचं बोलणं तर काम सुरू व्हायच्या आधीच झालं होतं."

मी भावाकडं पाहिलं. तो दोऱ्या बांधत होता.

"आधीच इकली व्हती?"

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"मग आबांचं नाव कशाला घेतलंस?"

त्यानं दोरीची गाठ आणखी आवळली.

आत आई चहा गाळत होती. तिलाही ठाऊक होतं का, मी विचारलं.

"तू दर रविवारी येत व्हतीस," ती म्हणाली. "मला बरं वाटत व्हतं. कशी बोलू?"

तिच्यावर रागवावं की नाही, मला कळेना. चहा तसाच ठेवून मी ग्राइंडर, ड्रिल पिशवीत भरलं आणि रस्त्यावर येऊन एसटीची वाट बघत बसले. पिकअप माझ्यासमोरूनच गेली. चासीवर ताडपत्रीसुद्धा टाकली नव्हती.

आता भाऊ फोन करतो, तेव्हा मी आईची तब्येत विचारते आणि ठेवते. मागच्या महिन्यात त्याला अंगणाला गेट करून हवं होतं. मी घोडेगावातल्या एका दुकानाचा नंबर पाठवून दिला.