कोमट पाण्याचं घर

आरोग्य खात्याच्या त्या जुन्या इमारतीत तिला सगळे घोटबाई म्हणत. प्रवासाहून परतलेली माणसं पोट धरून बसली, की त्यांना फोन करायचा आणि त्यांनी कुठे, कसलं पाणी प्यायलं ते शोधून काढायचं, हे तिचं काम. "काय प्यालात?" असं मात्र ती कधी विचारत नसे. तसं विचारलं की माणूस चटकन म्हणतो, "बाटलीतल्या पाण्याशिवाय थेंब नाही घेतला हो!" आणि त्याला ते खरंच वाटत असतं. म्हणून ती म्हणे, "डोळे मिटा. त्या दिवशी जाग कुठे आली? खिडकी कोणत्या बाजूला होती?"

मग पलीकडचा आवाज हळूहळू संथ होई. खिडकी, तिचा पडदा, पडद्यावर हलणारी झाडाची सावली, दात घासून झाल्यावर खळखळून भरलेली चूळ. माणसं आपापल्या प्रवासात पुन्हा शिरत आणि ही त्यांच्या मागोमाग, चपला हातात घेतल्यासारखी, आवाज न करता. एकेका घोटापाशी थांबायची. पुढे जायची.

स्वतः ती फारशी कुठे गेलेली नव्हती. दोन खोल्यांचं घर, एकटीचा संसार. सुट्टीत कुठे जाणार असं कुणी विचारलं तर म्हणे, "मी सगळीकडे जाऊन आलेय." ते अगदीच खोटं नव्हतं. तिला स्वप्नं पडत तीही दुसऱ्यांच्या गावांची. कधीही न पाहिलेल्या जिन्यांवरून ती वर जाई, अनोळखी खोल्यांतल्या नळांखाली हात धरी, आणि जागी झाल्यावर कितीतरी वेळ तिचे तळहात ओले असल्यासारखे वाटत.

शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारे लॅबवाले काका होते. निवृत्तीला आलेले, जाडजूड आणि थट्टेखोर. एका सकाळी त्यांनी हाक मारली.

"घोटबाई, या. पाहुणे आलेत."

तिने वाकून पाहिलं. प्रकाशाच्या गोल तळ्यात एक इवलासा जीव डुलत होता. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता, आणि वर डोळ्यांसारखे दोन ठिपके.

"कसा टकामका बघतोय पाहा. जावई म्हणून पसंत आहे?"

"पोट बिघडवणारा जावई नको मला."

"मग सगळ्याच जावयांवर काट मारावी लागेल!"

हा पाहुणा तिच्या ओळखीचा होता. पाण्यातून पोटात जातो, आतड्याला चिकटून बसतो. बाहेर पडला की स्वतःभोवती कवच करून घेतो आणि थंड पाण्यात निवांत पडून राहतो, पुढच्या पोटाची वाट बघत. पाणी उकळलं की मरतो. या वेळी त्याने गाठलेली माणसं वेगवेगळ्या शहरांतली, एकमेकांना न ओळखणारी: एक निवृत्त शिक्षिका, सायकलवरून भटकणारा एक तरुण, एक नवं जोडपं. एकच गोष्ट समान होती. सगळे डोंगरावरच्या तळ्याकाठी राहून आले होते.

शिक्षिकाबाईंनी डोळे मिटले ते फोनवरूनही कळलं.

"चढ चढून गेले. पाय गेलेच होते माझे. दार उघडं होतं. आत एक म्हाताऱ्या बाई. नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या हातात पेला दिला. कोमट पाणी. तळव्यांना ऊब लागली आणि काय सांगू, एकदम रडूच आलं. आणि पाणी उकळलेलंच होतं हं. किटली माझ्यासमोर वाफ सोडत होती."

"दार कोणत्या रंगाचं होतं?" घोटबाईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"निळं. खाली खरवडलेलं."

ते घोटबाईंनीच खरवडलं होतं, लहानपणी, शाळेत जायचं नाही म्हणून लाथा मारमारून. आई गेल्यावर तिला त्या घरात आत्याने वाढवलं. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली या दोघी. दमून आलेल्याला थंड पाणी बाधतं, हा आत्याचा ठाम समज. तिच्या उंबऱ्यातून आत आलेल्या कुणाच्याही हाती आधी कोमट पाण्याचा पेला पडे, मग बाकीचं सगळं. त्या पेल्याचीच तिला सगळ्यात जास्त मिजास.

घोटबाई साहेबांकडे गेल्या. "घर माझ्या आत्याचं आहे," त्यांनी सांगून टाकलं.

"मग दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"दुसऱ्याला ती पाणी देईल, साहेब. उत्तर नाही देणार."

साहेबांनी चष्मा पुसत थोडा विचार केला. "काकांना बरोबर न्या. नमुने ते घेतील. आणि अहवालात नातं लिहायचं."

चढावर काका दर वळणाला थांबत आणि दर वळणाला खात्याच्या नावाने खडे फोडत. तिला ते ऐकू येत नव्हतं. खाली तळं दिसायला लागलं होतं, स्वतःच्याच विचारात बुडाल्यासारखं. तळ्यातूनच आलेलं असू दे, ती मनात म्हणत होती. सायकलवाला पोहला होता. जोडप्याने होडीतून हात बुडवले होते. पण शिक्षिकाबाई तर पाण्याच्या जवळही गेल्या नव्हत्या, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी धुकं विरळ होऊन पुन्हा दाटावं तशी ती आशा जात होती, येत होती.

"आलीस?" आत्या दारातच होती. "किती वाळलीस गं! आणि हे कोण? बसा हो, बसा. दम लागलाय त्यांना, आणि तू बघत काय उभी राहिलीस?"

आत्या स्वयंपाकघरात वळली. शेगडीवर किटली वाफ सोडत होती. एका हाताने तिने पेल्यात कढत पाणी ओतलं आणि दुसऱ्या हाताने, न बघता, शेजारच्या तांब्यातलं थोडं वरून घातलं. मग पेल्याला बाहेरून बोटं लावून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

हे घोटबाईंनी जन्मभर पाहिलं होतं. दुसऱ्यांच्या घोटापाशी इतक्या वेळा थांबल्या होत्या त्या. या एका हाताकडे त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

तेवढ्यात काकांनी पेला घेतला. दिवसभर ज्या जिवाला भिंगाखाली बघायचे, त्याची आठवण तरी कुठे होती त्यांना! पाणी उबदार होतं, समोर किटली होती. त्यांनी पेला ओठाला लावला आणि घोटबाईंनी तो हिसकावला. पाणी काकांच्या शर्टावर सांडलं.

आत्या जागच्या जागी थिजली.

"माझ्या घरचं पाणी पाहुण्याच्या तोंडातून काढलंस?"

"आत्या, माणसं आजारी पडलीत. इथे राहून गेलेली."

"मी उकळते पाणी! कुणाच्याही गळ्याची शपथ घेते."

"उकळतेस. मग त्यात काय घालतेस?"

"विसण. मग काय कढत पाणी ओतू लोकांच्या घशात?"

"आणि ते विसण कुठलं?"

"टाकीतलं. झऱ्याचं..." आत्याचा आवाज वाटेतच थांबला. मग ती हट्टाने म्हणाली, "याच पाण्यावर तू वाढलीस."

"हो."

"मीही हेच पिते. मला काय झालं?"

"अंगवळणी पडलं असेल तुमच्या," काका शर्ट झटकत हळूच म्हणाले. "टाकी बघतो जरा."

घरामागे झऱ्याची टाकी होती. तिचं झाकण एका कोपऱ्यात फुटून आत गेलं होतं, आणि भोवतीच्या चिखलात खुरांचे ठसे होते, ताजे आणि जुने, एकमेकांवर उमटलेले. कुणाची जनावरं, कधीपासून येत होती, कोण जाणे. आत्याचे गुडघे धरल्यापासून तिने टाकीकडे जाणं सोडलं होतं. पाणी आपलं नळाने घरात येत होतं, पूर्वीसारखंच स्वच्छ, पूर्वीसारखंच गोड. काकांनी नमुन्यासाठी डबे भरून घेतले.

"निकाल लागेपर्यंत पाहुणे घेऊ नकोस," घोटबाई म्हणाल्या.

आत्याने शेगडी बंद केली. किटलीची शीळ बारीक होत होत विरून गेली, आणि ते घर किती शांत असू शकतं हे घोटबाईंना पहिल्यांदाच कळलं. निघताना आत्या जेवून जा म्हणाली नाही. आजवर तिने कुणाला तसं जाऊ दिलं नव्हतं.

निकाल यायचा तोच आला. तोच जीव, तीच कवचं. घोटबाईंनी अहवालात घराचं नाव लिहिलं, खाली नातं लिहिलं आणि सही केली. त्या रात्री कुणाच्याच गावाचं स्वप्न पडलं नाही.

घर बंद ठेवण्याची नोटीस दुसरा कुणीही देऊन आला असता. ती स्वतः घेऊन गेली. आत्याने नोटीस उभ्या उभ्या वाचली, दाराच्या निळ्या फळीवर ती कुठे चिकटवायची ते स्वतःच दाखवलं, कोपरा वर आला तो अंगठ्याने दाबला.

"टाकी साफ करून, झाकण बसवून पुन्हा तपासू. मग उघडता येईल," घोटबाई म्हणाल्या. "आणि पाणी उकळून झाकून ठेवायचं, आपोआप निवू द्यायचं. वरून काही घालायचं नाही."

"तोवर पाहुणा काय करणार?"

"थांबेल."

"हं." आत्या खिडकीशी जाऊन बसली. बाहेर तळ्यावरून धुकं चढत होतं, काठ कुठे संपतो ते कळत नव्हतं. तिकडे बघतच तिने विचारलं, "ती माणसं बरी झाली?"

"औषध चालू आहे. होतायत."

"मला बोलायचंय त्यांच्याशी."

"आत्या, ते रागावतील गं."

"रागावू देत. माझ्या दारात आले तेव्हा मी न विचारता पाणी दिलं. आता त्यांना चार शब्द सुनावायचे असतील तर ते घ्यायला मी नको?"

घोटबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी शिक्षिकाबाईंना आधी विचारलं, आणि फोन आत्याच्या कानाशी धरला.

"मी ती पाणी देणारी," आत्या म्हणाली.

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. लेकीच्या बाळंतपणाला जाता आलं नव्हतं त्यांना. आठवडेच्या आठवडे अंथरुणात गेले होते, अन्न नकोसं झालं होतं, आणि वर डॉक्टर म्हणत होते की तुम्हीच काहीतरी बाहेरचं खाल्लंत. आत्या ऐकत होती. मधूनमधून "हो," म्हणत होती. "हो. बोला. बोला तुम्ही." फोन आता तिने स्वतःच्या हातात घेतला होता, तो कानापासून दूर केला नाही.

"उकळलेल्यात कच्चं पाणी घातलं मी," शेवटी ती म्हणाली. "चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही."

पलीकडचा आवाज उतरला. मग एक बारीक प्रश्न आला, खिडकीतलं ते तळं अजून तसंच आहे का?

"आहे ना," आत्या खिडकीकडे बघत म्हणाली. "पण आत्ता दिसत नाही. धुकं आलंय."

फोन बंद झाल्यावर ती ताठ बसली.

"आता तो सायकलवाला."

घोटबाईंनी लावला. घंटी वाजत राहिली.

"उचलत नाही गं."

"असेल रस्त्यात," आत्या म्हणाली. "थोड्या वेळाने परत लाव."