भांडणं कमी पडली

फोनवरचा माणूस अभिनंदन करत होता. "मॅडम, तुमच्या वस्तीतली हिंसा फार कमी झाली आहे. त्यामुळे पुढचं अनुदान जास्त गरज असलेल्या वस्त्यांना द्यायचं ठरतंय." मी दोनदा विचारलं, "काय म्हणालात?" त्याने दोन्ही वेळा तेच सांगितलं. नव्याने अर्ज करता येईल, पण 'गरज' दिसली पाहिजे, म्हणाला.

शहरातल्या महाल भागातून पूर्वेला निघालं की लागणाऱ्या एका वस्तीत आमच्या संस्थेची एक खोली होती. घरातली मारहाण आणि गल्लीतले राडे हाताबाहेर जायच्या आत थांबवायचे, हे काम. मी समन्वयक असले तरी भांडणं मी थांबवत नव्हते. वस्तीतल्या आठ बायका थांबवत. त्यांची पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. आरडाओरडा ऐकू आला की दोघी जणी त्या दारात जायच्या आणि पाणी मागायच्या. दाराशी आलेल्या बाईला पाणी नाही म्हणणं हात उगारलेल्या माणसालाही जमत नाही. कोणीतरी गडवा भरायला आत वळायचं, तेवढ्यात या दोघी घरात येऊन बसलेल्या असायच्या. मी नंतर रजिस्टरमध्ये नोंद करायचे. अलीकडे नोंदीच होत नव्हत्या.

शनिवारच्या बैठकीत मी या आठ जणींना सगळं सरळ सांगून टाकलं.

"भांडणं कमी झाली म्हणून पैसे बंद?" भाजीची गाडी लावणारी म्हणाली. "हे त उलटंच झालं वं!"

"मंग करू ना चार-दोन," ब्लाऊज शिवणारी म्हणाली. "माह्या नवऱ्याले सांगते, घे बाप्पा, मार दोन थापडा, मॅडमची नोकरी वाचव."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि अर्जाच्या कागदांवरून नजर न काढता म्हणाले, "नुसती करून काय उपयोग? कागदावर यायला पाहिजेत. पोलिसात एनसी झाली तर उत्तमच."

मी गंमत करत होते. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

दोन आठवड्यांत रजिस्टरला दोन एनसी टाचलेल्या सापडल्या. एनसीत पोलीस नुसती नोंद घेतात, अटक करत नाहीत. एक तक्रार भाजीवालीची, शिवणवालीच्या नवऱ्याविरुद्ध. दुसरी शिवणवालीची, भाजीवालीच्या नवऱ्याविरुद्ध. नालीच्या पाण्यावरून शिवीगाळ, काठी घेऊन अंगावर धावला, वगैरे. शेजारणी त्या, एका भिंतीच्या. मी झेरॉक्स काढल्या, अर्जाला जोडल्या आणि पाठवूनही दिल्या. वाईट वाटलं नाही. अर्ज भक्कम झाला, एवढंच वाटलं.

मग नियमाप्रमाणे दोन्ही घरी भेट द्यायला गेले. शिवणवालीच्या दारापुढच्या ओट्यावर दोघी एकाच सुपात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या.

"भांडण कुठे आहे?" मी विचारलं.

"कागदावर," भाजीवाली म्हणाली. "तुमीच त सांगतलं होतं."

मी तिथेच पायरीवर बसले.

शिवणवालीने मशीनखालून एक कागद काढून दिला. सकाळीच आला होता. दोन्ही नवऱ्यांवर प्रतिबंधात्मक कारवाई. ठाण्यात हजर व्हा, चांगल्या वागणुकीचं हमीपत्र द्या. तिचा नवरा मौद्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे वेल्डर. त्याचा गेटपास दरवर्षी नवा होतो आणि त्याला पोलिसांचा दाखला लागतो. मुदत महिनाअखेरची.

"एनसीनं काई होत नाई म्हणतेत ना सारे," ती म्हणाली.

"काहून केलं तू हे?" मी ओरडलेच. "माझ्या नोकरीसाठी?"

"तुमच्या नोकरीसाठी कायले करू?" तिने भाजी बाजूला ठेवली. "आधी तो किती मारे, तुमाले माहीत आहे. तुमच्या खोलीत येऊन बसत होती म्हणून वाचली. आता दीड वर्ष झालं, हात नाई लावला त्यानं. सुधरला म्हणून नाई लावला का खोली आहे म्हणून, मले काय माहीत? खोली बंद करून मले ते पाहाचं नाई आहे."

आठ वर्षं मी या विषयावर अहवाल लिहिले होते. हे वाक्य त्यातल्या एकाही पानात नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या पाळीहून तिचा नवरा आला. नोटिशीचं त्याला फोनवर कळलं होतं. त्याने थेट भाजीवालीकडे पाहिलं. "मी काठी घेऊन धावलो? कधी वं? कोणी सांगतलं तुले हे लिवाले?"

शिवणवालीची मान हळूहळू खांद्यात गेली. मार चुकवणारं शरीर कसं आखडतं ते मी खूपदा पाहिलं आहे. दीड वर्षाने ते जसंच्या तसं परत आलं होतं.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "त्यांनी माझ्या शब्दावर लिहिलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. हाताची मूठ झाली, सुटली. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. "म्हणजे पास गेला," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या कागदावर लिहून दिलं: भांडण झालंच नव्हतं, तक्रारी माझ्या सांगण्यावरून झाल्या, जबाबदारी माझी. खाली सही, शिक्का. ठाण्यातल्या साहेबांनी दोनदा वाचलं.

"खोटी तक्रार देणं गुन्हा आहे, मॅडम. या बायांवरच केस बसते."

"म्हणून तर माझं नाव लिहिलंय."

"इतके शिकलेले लोक तुम्ही, आन् असे धंदे करून राहिले?"

मी पोच घेतली आणि त्याच पत्राची प्रत अनुदान देणाऱ्यांनाही पाठवली. अर्ज फेटाळला गेला, मला कामावरून काढलं, खोली सोडावी लागली. कारवाई मागे घेतली गेली. पास उशिरा मिळाला. तेवढे दिवस नवरा घरी बसून होता, आणि त्या दिवसांतलं काहीही तिने मला सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

खोलीतलं सामान टेम्पोत चढवत होते तेव्हा ती आली. सतरंज्यांची एक वळकटी तिनेही उचलून दिली.

"आता मी कुठं येऊ, मॅडम?"

मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिला. कधीही फोन कर, म्हणाले.

तिने चिठ्ठी वाचली, घडी केली आणि परत माझ्या हातावर ठेवली.

"फोन त त्याच्याजवळ राहते."