फिल्मवाल्या काकांना मी घरात कोंडलं

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. तेव्हापासून माझा जो पचका सुरू झाला, तो आठवला की आजही तोंड लपवावं वाटतं!

फिल्मवाले काका आमच्या बडनेऱ्याच्या घरी आले. उभा जन्म मेळघाटात फोटो काढत हिंडलेला माणूस. आता लहान लेकरांच्या आयांवर माहितीपट करत होते. म्हणाले, "पोरी, मी घरात नाहीच असं समज. चहा नको, बोलणं नको. रोजच्यासारखी कामं कर."

मी सातवी शिकलेली. सांगितलेलं ऐकते! चहाच्या भांड्याकडं गेलेला हात मागं घेतला. शेजारच्या कमलकाकूलाही बजावलं, "काकू, त्यायच्याशी बोलू नका. फिल्म खराब होते."

"बोलून कोन राह्यलं? मी तं पाहतही नाही तिकडं!"

दुपारी बाळाचं अंग गरम लागलं. झालं! काका मागच्या खोलीत बॅटरी बदलत होते. मी बाळ उचललं, सवयीनं बाहेरून कुलूप घातलं अन् दवाखान्यात पळाली.

डॉक्टर म्हणाले, "ताप नाही. आधी याचे दोन स्वेटर काढा!"

परत आली तर काका खिडकीचे गज धरून उभे.

"काका! आवाज कावून नाही देल्ला?"

"देल्ला ना. तुही काकू तोंडावर पदर घेऊन घरात गेली!"

"मले वाटलं फिल्मच चालू हाय!" काकू भिंतीवरून ओरडली.

काका खोकला येईपर्यंत हसले. मी रडत रडतच त्यांना भाकर अन् बेसन वाढलं. खाता खाता ते बोलू लागले.

"पोरी, जन्मभर सगळ्याइले हेच सांगत आलो, मी घरात नाहीच असं समजा. माही लेक मीनल तापानं फणफणली, तवा मी धारणीले दुसऱ्याच्या लेकराइचे फोटो काढत होतो. आता अकोल्याले असते. फोन उचलत नाही. सगळ्यात नीट तिनंच ऐकलं माह्यं."

मी त्यांच्या ताटात अजून एक भाकर वाढली.

तेच काका आता अमरावतीला दवाखान्यात आहेत. छातीत पाणी झालंय. समजलं तशी बाळ घेऊन गेली. नर्सबाईनं विचारलं, "पेशंटच्या घरचं कोण?" खाटेजवळ दुसरं कोणीच नव्हतं. शेवटी मीच हात वर केला. बघा, ज्या बाईनं त्यांना उपाशी कोंडलं, तीच घरची निघाली!

तुमच्यापैकी कोणाचं अकोल्याला जाणं असलं, तर जठारपेठेतल्या मीनलताईच्या कानावर एवढं घाला. बाबा रोज वाट पाहतात. डबा मी नेते. ती रिकाम्या हातानं आली तरी चालते.